निवारागृहातला करोना: ताप मोजण्याआधी खाटा मोजा

एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत बॉस्टनमधल्या बेघरांच्या एका मोठ्या निवारागृहात, लक्षणे असोत वा नसोत, सगळ्यांचीच तपासणी झाली. 408 रहिवाशांपैकी 147 जणांना लागण निघाली, म्हणजे 36 टक्के. या 147 जणांत खोकला होता साडेसात टक्क्यांना. ताप तर एक टक्क्यालाही नव्हता. दारात तापमापी घेऊन बसलेल्या माणसाने त्या रात्री जवळजवळ सगळ्यांना बिनधास्त आत सोडले असते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या चार शहरांत 19 निवारागृहांची तपासणी झाली, तेव्हा कर्मचारीही सुटले नव्हते हे दिसले. बॉस्टनमध्ये 30 टक्के, सिअ‍ॅटलमध्ये 17 टक्के, सॅन फ्रान्सिस्कोत 16 टक्के कर्मचाऱ्यांना लागण झालेली होती. रहिवासी रात्री तिथेच झोपतात, कर्मचारी मात्र रोज बाहेरून येतो आणि रोज घरी जातो. त्यामुळे विषाणू आत आणण्याचे आणि बाहेर नेण्याचे काम त्याच्याकडूनही नकळत होते. पुढच्या सूचना दोघांना एकत्र धरूनच दिल्या आहेत. नुसत्या रहिवाशांसाठी केलेली व्यवस्था अर्धवट राहते.

काम कुठून सुरू करायचे? सॅनिटायझरपासून नाही. झोपायच्या खोलीपासून.

खाटांची मांडणी

2020 च्या मध्यावर पॅरिस परिसरात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेने बेघर लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली. अन्नवाटपाच्या ठिकाणी येणाऱ्यांत सुमारे 28 टक्के, तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे 50 टक्के, आणि दाटीवाटीच्या कामगार वसतिगृहांत 89 टक्के लोकांना आधी लागण होऊन गेली होती. एका खोलीत किती माणसे झोपतात, यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त अवलंबून होते. बाहेर दिवसभर कितीही काळजी घेतली, तरी रात्री आठ तास तीच हवा श्वासात जाते आणि झोपेत कोणी मास्क लावत नाही.

अंतर मोजताना खाटेच्या कडा मोजू नका, उशा मोजा. तोंडापासून तोंडापर्यंत किमान 2 मीटर हवे. खाट 90 सेंटिमीटर रुंद धरली आणि सगळ्यांची डोकी एकाच दिशेला ठेवली, तर 2 मीटरसाठी दोन खाटांमध्ये 110 सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी लागते. एकाचे डोके तिकडे तर शेजारच्याचे पाय तिकडे, अशी उलटसुलट मांडणी केली तर अर्ध्या मीटरच्या फटीतही दोन तोंडांमध्ये 2 मीटरपेक्षा थोडे जास्त अंतर मिळते. त्याच खोलीत खाटा न घटवता अंतर मिळवायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

यात एक चूक हमखास होते. ओळीच्या आत उलटसुलट मांडतात, पण पुढच्या ओळीशी काय होते ते बघत नाहीत आणि दोन ओळींच्या मध्ये उशीला उशी भिडते. त्यासाठी एकामागे एक येणाऱ्या खाटांची दिशा सारखी ठेवा, म्हणजे एकाच्या पायांमागे दुसऱ्याचे डोके येईल. दोन ओळींमध्ये दीड मीटरची वाट सोडा, म्हणजे तिरक्या रेषेतले शेजारीही पुरेसे लांब राहतात. दुमजली खाट असेल तर वरच्याचे डोके एका टोकाला, खालच्याचे दुसऱ्या टोकाला.

मांडणी झाली की जमिनीवर खाटांच्या पायांभोवती रंगीत टेपने खुणा करा. झाडलोट करताना खाटा सरकतात आणि आठवड्याभरात अंतर कुठल्या कुठे जाते. ज्या टोकाला उशी ठेवायची तिथे भिंतीवर किंवा खाटेच्या लोखंडावर ठळक खूण असू द्या. तोंडी सांगून भागत नाही, कारण रात्री उशिरा आलेला थकलेला माणूस जिकडे जमेल तिकडे डोके टेकतो.

प्रत्येकाला रोज तीच खाट द्या आणि खाट क्रमांकाची नोंदवही रोज रात्री भरा. उद्या कोणाला लागण निघाली तर त्याच्या आजूबाजूला गेल्या चार रात्री कोण झोपले होते हे सांगणारा दुसरा कोणताही कागद तुमच्याकडे नसतो.

हवा

करोनाचा विषाणू हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक कण बाहेर पडतात, आणि बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात. म्हणून 2 मीटरचे अंतर पाळूनही कोंदट खोलीत लागण होते.

ध्येय असे ठेवा: खोलीतल्या हवेइतकी स्वच्छ हवा तासाला किमान पाच वेळा मिळाली पाहिजे. समजा खोली 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 3 मीटर उंच आहे. आकारमान 240 घनमीटर. पाच वेळा म्हणजे ताशी 1200 घनमीटर. ही हवा बाहेरून आलेली चालते किंवा गाळलेली चालते. दोन्हींची बेरीज करा. माणशी हिशेब करायचा तर सेकंदाला 10 लिटर, म्हणजे ताशी 36 घनमीटर धरा. 30 माणसांना 1080 होतात. दोन आकड्यांतला मोठा तो आपला.

खिडक्या समोरासमोर असतील तर दोन्ही बाजूंच्या उघडा. एकाच बाजूच्या चार खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन जास्त काम करतात. एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून बसवा आणि त्याच्या भोवतीची फट पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर बाहेर टाकलेली हवा बाजूने परत आत येते. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बदलत नाही. खोलीत नुसता थंडावा देणारे वातानुकूलन यंत्रही बहुधा आतलीच हवा फिरवते. एका बाजूने सगळ्यांच्या तोंडावरून वारे मारणारा उभा पंखा मात्र सरळ काढून टाका. पहिल्या खाटेवरच्या माणसाचा श्वास तो शेवटच्या खाटेपर्यंत पोचवतो.

थंडीत खिडक्या बंद होणारच. कोणी कुडकुडत झोपणार नाही, आणि त्यांना तसे झोपायला लावूही नये. अशा वेळी गाळणी लागते. हेपा यंत्रे (हवा अतिबारीक गाळणारी तयार यंत्रे) परवडत नसतील तर गाळणीचा डबा तासाभरात हाताने बनतो. 20 बाय 20 इंचाच्या, मर्व्ह 13 दर्जाच्या (मर्व्ह म्हणजे गाळणी किती बारीक कण पकडते त्याचे माप) चार गाळण्या घ्या, जमल्यास 2 इंच जाडीच्या. चौकोनी डब्याच्या चार भिंती म्हणून उभ्या करा. प्रत्येकीच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. चारही बाण आतल्या बाजूला हवेत. खाली पुठ्ठ्याचा तळ, वर 20 इंची चौकोनी पंखा, हवा वर फेकणारा. सगळे सांधे रुंद चिकटपट्टीने बंद करा, एकही फट नको. मग पंख्याच्या तोंडावर मधोमध गोल भोक असलेला पुठ्ठा चिकटवून चारही कोपरे झाका. हा शेवटचा पुठ्ठा अनेक जण वगळतात आणि मग डबा कमी ताकदीने चालतो, कारण पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते.

असा डबा पूर्ण वेगावर ताशी साधारण 1000 घनमीटर स्वच्छ हवा देतो. पण पूर्ण वेगाचा आवाज झोपू देत नाही, आणि रात्री दोन वाजता कोणीतरी उठून पंखा बंद करतो. म्हणून वर हिशेब केलेल्या खोलीसाठी एक डबा पुरेल असे न धरता दोन ठेवा आणि मंद वेगावर चालवा. भिंतीला चिकटवू नका, गाळण्यांना चारी बाजूंनी वीतभर तरी मोकळी जागा द्या. गाळण्या धुवायच्या नसतात. राखाडी झाल्या की किंवा सहा महिन्यांनी बदला.

कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर घ्या. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420) असतो, आत 800 च्या खाली राहिला तर वायुवीजन ठीक. मोजायचे दुपारी रिकाम्या खोलीत नाही, पहाटे तीन-चार वाजता सगळे झोपलेले असताना, उशांच्या उंचीवर आणि खिडकीपासून लांब. गाळणी विषाणू पकडते, हा वायू पकडत नाही. त्यामुळे गाळणी चालू असूनही आकडा चढा दिसला तर गाळणी बिघडली असे समजू नका.

दारातली चौकशी आणि तपासणी

तापमापी फेकून द्यायची गरज नाही, पण तिच्यावर विसंबू नका. दारात खोकला, घसादुखी, अंगदुखी, वास न येणे, जुलाब, धाप यांची चौकशी करा. आणि प्रश्न असा विचारा की खरे उत्तर देणाऱ्याचे नुकसान होणार नाही. ‘खोकला आहे का? असेल तर आज आत घेता येणार नाही’ असे म्हटले की पुढच्या आठवड्यापासून कोणालाच खोकला नसतो. लक्षणे असलेल्याला रस्त्यावर परत पाठवू नका. त्याला मास्क द्या, वेगळ्या दाराने वेगळ्या जागी न्या, आणि त्याची खाट त्याचीच राहील हे त्याच्यासमोर नोंदवहीत लिहा.

अँटीजेन चाचणी 15 मिनिटांत निकाल देते, पण सुरुवातीच्या दिवसांत चुकीने ‘नाही’ म्हणू शकते. लक्षणे असूनही पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करा. लक्षणे नसलेल्या पण संपर्कात आलेल्या माणसासाठी 48 तासांच्या अंतराने तीन. बहुतेक किट 2 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात; रात्रभर गाडीत राहिलेली किट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वापरू नका. पट्टी दिलेल्या वेळेतच वाचा, तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही.

एकाला लागण निघाली की फक्त शेजारच्या दोन खाटा नव्हे, सगळा निवारा आणि सगळ्या पाळ्यांचे कर्मचारी तपासा. सिअ‍ॅटलमधल्या ज्या 12 निवारागृहांत एकच रुग्ण कळताच तपासणी झाली, तिथे 5 टक्के रहिवासी आणि 1 टक्का कर्मचारी बाधित निघाले. जिथे आधीच अनेक रुग्ण जमले होते तिथले आकडे वर दिलेच आहेत. त्यानंतर दर तीन ते सात दिवसांनी तपासणी चालू ठेवा, सलग 14 दिवस एकही नवा रुग्ण निघाला नाही असे होईपर्यंत. बरेच जण पहिल्या ‘शून्या’च्या आठवड्यातच थांबतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर करोनाची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका, क्षयाची तपासणी करून घ्या. निवारागृहात क्षय करोनाच्या खूप आधीपासून आहे.

विलगीकरण: जागा थोडी, माणसे जास्त

लागण निश्चित झालेल्यांना एका खोलीत एकत्र ठेवता येते. संशयितांना एकत्र ठेवायचे नाही, आणि निश्चित रुग्णांसोबत तर मुळीच नाही, कारण त्यातल्या कोणाला साधा फ्लू असेल तर त्याला करोना तुम्हीच देता. म्हणून स्वतंत्र खोल्या मोजक्या असतील तर त्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना द्या. खोली नसेलच तर मोठ्या खोलीचे टोक छतापासून जमिनीपर्यंत प्लास्टिकच्या जाड पडद्याने तोडा, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा त्याच टोकाच्या खिडकीत बसवा, म्हणजे हवा निरोगी बाजूकडून आजारी बाजूकडे जाईल. उलटे झाले तर पडदा असून नसल्यासारखा. शौचालय वेगळे हवे. ते शक्य नसेल तर वेळा वाटून द्या आणि तिथला पंखा चालूच ठेवा.

गर्दीच्या निवाऱ्यात विलगीकरण 10 दिवस धरा, लक्षणे सुरू झाल्यापासून. लक्षणे नसतील तर चाचणीच्या दिवसापासून. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जास्त. आरोग्य खात्याचा वेगळा नियम लागू असेल तर तो आधी.

माणूस विलगीकरणातून पळून जातो तो बेशिस्त म्हणून नाही. त्याला आपली पिशवी, खाट, रोजचे काम, कुत्रा किंवा सोबतीण गमवायची भीती असते. सामान त्याच्याबरोबर जाऊ द्या. फोन चार्ज करायची सोय द्या. तंबाखूची तलफ, दारूचे व्यसन याबद्दल पहिल्याच तासात, न रागावता विचारा. हा मुद्दा नीट वाचा: रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू विलगीकरणात अचानक तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, अस्वस्थता दिसली तर त्याला करोनाचा अशक्तपणा न समजता डॉक्टरांना कळवा. अफूवर्गीय नशेच्या व्यसनावरची मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे चालू असलेल्यांचा डोस खोलीपर्यंत पोचला पाहिजे. एकट्याने खोलीत नशा करणाऱ्याचा जीव धोक्यात असतो, म्हणून दर काही तासांनी दार वाजवा आणि आतून उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॅलोक्झोन (अफूवर्गीय नशेचा अतिडोस उतरवणारे औषध) उपलब्ध असेल तर ते पाळीवरच्या माणसाच्या हाताशी ठेवा, कुलपात नको.

दिवसातून दोनदा ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र) लावा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर दुसरे बोट घ्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, त्यामुळे माणूस धापत असेल तर 96 दिसले तरी माणसावर विश्वास ठेवा. 94 च्या खाली डॉक्टरांना फोन, 90 च्या खाली रुग्णवाहिका. ओठ निळसर होणे, छातीत दडपण, बोलण्यात गोंधळ, हलवूनही जागे न होणे, यांपैकी काही दिसले तर आकड्याची वाटच पाहू नका.

वय जास्त, मधुमेह, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांसाठी निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिरसारखी विषाणूरोधक औषधे असतात, पण ती लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हावी लागतात. रिटोनाव्हिरचे अनेक नेहमीच्या औषधांशी पटत नाही. म्हणून रहिवाशाच्या चालू औषधांची यादी निवाऱ्यात येतानाच लिहून ठेवा. आजारी पडल्यावर ती शोधण्यात दोन दिवस जातात.

कर्मचाऱ्यांची बाजू

कर्मचारी रहिवाशांसमोर काळजी घेतात आणि चहाच्या खोलीत सोडून देतात. लहान, बिनखिडकीच्या त्या खोलीत चौघे मास्क काढून एकत्र खातात, आणि एकाच दिवशी अख्खी पाळी बाधित होते. खाण्याच्या वेळा वाटा, बाहेर किंवा उघड्या खिडकीशी बसा, एक गाळणी तिथेही ठेवा.

विलगीकरणात जाणाऱ्याला एन95 किंवा एफएफपी2 मास्क हवा. दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडून कडेने हवा जाते का बघा. डोळ्यांवर वारे लागत असेल तर मास्क बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. ओला झाला की बदला. विलगीकरणाच्या खोलीत ठरावीक माणसेच पाठवा आणि त्याच पाळीत त्यांना स्वयंपाकघरात लावू नका.

आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा नसेल तर तो येणारच, आणि घसा बसलाय म्हणून सांगणारही नाही. दोन निवाऱ्यांत काम करणारा माणूस लागण एकीकडून दुसरीकडे नेतो. पाळ्या लावताना हे आधी विचारा. पाळीवर येण्यासाठी दोन राखीव नावे नसतील तर बाकीचे सगळे नियम पहिल्या आजारपणात मोडतात.

लस दोघांसाठीही गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका कमी करते, लागण मात्र पूर्ण थांबवत नाही. ती केंद्रावर जाऊन घ्यायला सांगण्यापेक्षा संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी निवाऱ्यातच आणा. ओळखपत्र नाही म्हणून कोणी मागे राहू नये. मागचा डोस कधी घेतला याची नोंद निवाऱ्यातही ठेवा, कारण कागद भिजतो, हरवतो.

साफसफाई, थोडक्यात

यावर लोक जितका वेळ घालवतात तितका लागत नाही. दूषित जागेला एकदा हात लागून करोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी मानली जाते. रोज एकदा साबण-पाण्याने दाराचे दांडे, नळ, खाटांचे कठडे पुसा. रुग्णाच्या जागेसाठी 5 टक्क्यांच्या ब्लीचचे 20 मिलिलिटर घेऊन साध्या गार पाण्याने एक लिटर करा, हे 0.1 टक्के द्रावण होते. पुसल्यावर किमान एक मिनिट ओले राहू द्या. रक्त किंवा उलटीसाठी 100 मिलिलिटर घेऊन एक लिटर. द्रावण रोज नवे करा, आणि ब्लीच अमोनिया किंवा आम्लाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. माणसांवर किंवा त्यांच्या सामानावर फवारा मारणे बंद करा. रुग्णाच्या चादरी झटकू नका, नेहमीच्या धुण्यात चालतात.

सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल हवे. बाटल्या नजरेसमोर आणि भिंतीला पक्क्या लावा. व्यसन असलेला माणूस ती पिऊ शकतो, आणि मिथेनॉल मिसळलेली असेल तर दृष्टी किंवा जीव जातो. साबण आणि पाणी असेल तिथे तेच पुढे करा.

निवाऱ्यात जागा नसलेल्यांचे काय

खाटा लांब केल्या की संख्या घटते, आणि उरलेली माणसे रस्त्यावर राहतात. त्यांच्यासाठी आधीच वेगळ्या खोल्या, वसतिगृहे, हॉटेले शोधा. इंग्लंडमध्ये मार्च 2020 च्या अखेरीस रस्त्यावरच्या आणि सामुदायिक निवाऱ्यातल्या लोकांना अशाच स्वतंत्र खोल्यांत हलवले गेले. स्वतंत्र जागा देता येत नसेल तर तंबूंची वस्ती उठवू नका. उठवली की माणसे विखुरतात, औषध आणि तपासणी करणाऱ्यांचा त्यांच्याशी संपर्क तुटतो. प्रत्येक तंबूभोवती 12 बाय 12 फूट जागा मिळेल असे तंबू पसरवा, जवळचे शौचालय रात्रभर उघडे ठेवा, आणि तिथे नळ नसेल तर तोटी लावलेली पाण्याची टाकी आणि साबण ठेवून ती रोज भरायची जबाबदारी एका नावावर लिहा.